दादाला दिलेला शब्द

काका गेला तेव्हा दहाव्याला कावळा लगेच शिवला. भटजींनी पिंड ठेवून हात मागे घेतला न घेतला तोच माडावरून एक कावळा उतरला आणि आपलं काम आटोपून निघूनही गेला. जमलेल्या माणसांना बरंच वाटलं, ऊन चढायच्या आत सगळे मोकळे झाले. कोणीतरी म्हणालं, सुटा माणूस, हा अडकणार कशात? त्यावर बाकीच्यांनी माना डोलावल्या. लग्न नाही, मूलबाळ नाही, खाडीकाठच्या मांगरात एकट्याने जन्म काढलेला. माझे वडील गेले तेव्हा मात्र अख्खी वाडी म्हणत होती की असा संसारी माणूस पुन्हा होणे नाही. मी दोन्ही वेळी तिथे होते. नर्सची नोकरी केल्यामुळे मी माणसं जाताना पुष्कळ पाहिली आहेत, आणि माणूस गेल्यावर त्याच्याबद्दल जे बोललं जातं त्यावर माझा फारसा विश्वास उरलेला नाही. म्हणून ह्या दोघा भावांबद्दल मला जे ठाऊक आहे ते लिहून ठेवते. त्यात माझं अठराव्या वर्षानंतरचं एक वर्षही आहे, ते मी आजवर कोणाला धड सांगितलेलं नाही.

आमचं घर खाडीच्या काठालाच होतं. पुढे सारवलेलं खळं, मग पडवी, मग माजघर आणि मागे चूल. खळ्याच्या टोकाला चिऱ्यांचा गडगा, म्हणजे कंबरेएवढी भिंत, आणि गडगा ओलांडला की चार पावलांवर पाणी. तिथे आमची तर लागायची. तर म्हणजे माणसं पलीकडे पोचवणारी होडी. गावाला दुसरा रस्ता नव्हता. मालवणच्या बाजाराला जायचं असो, हायस्कूलला जायचं असो की कुडाळला जाणारी एस्टी पकडायची असो, आमच्या होडीत बसल्याशिवाय कोणाचं पाऊल बाहेर पडत नसे. पहाटेपासून दुपारपर्यंत बाबा होडी मारायचे, दुपारनंतर काका. पावसात दोघंही. पलीकडच्या काठावर माणूस आला की तो "ओऽऽ तर" म्हणून हाळी द्यायचा, आणि आई चुलीपाशी बसूनच सांगायची की हे पोस्टमन, ही तळ्यावरची म्हातारी, हा गुरवांचा थोरला. आता तिथे पूल झाला आहे. गाडी मिनिटभरात पार होते आणि पोरं मध्येच थांबून मोबाईलवर फोटो काढतात. मीही एकदा थांबले होते. वरून आमचं खळं हाताच्या पंजाएवढं दिसतं.

बाबा कधी एक दिवस घराबाहेर राहिले नाहीत. सासुरवाडीला गेले तरी संध्याकाळच्या आत परत. त्यांना आमच्याशिवाय करमत नसे आणि हे लपवायची त्यांना लाजही नव्हती. होडीत कोणी चार कोकमं दिली, कोणी फणसाचे गरे दिले, तर स्वतः तोंडात न टाकता ते टॉवेलात बांधून घरी आणायचे. सकाळी नऊच्या सुमाराला पेज प्यायला यायचे. उकड्या तांदळाची पेज, बरोबर निखाऱ्यावर भाजलेला सुका बांगडा नाहीतर कुळथाची पिठी. पेज पिता पिता ते आईला सगळं विचारून घ्यायचे. नवीन वल्हं आत्ता करू की गणपतीनंतर, शिंप्याकडचा शर्ट आणू की राहू दे, अमक्याच्या लग्नाला जाऊ की भावाला पाठवू. आई तांदूळ निवडत हो किंवा नाही म्हणायची, आणि ते तसंच करायचे. बायकोच्या शब्दाबाहेर नाही म्हणून वाडीतले लोक त्यांना होडीत बसून चिडवायचे, आणि बाबा वल्हं मारत हसायचे. चिडवणाऱ्यांत काका पहिला असायचा.

काका बाबांहून दहा वर्षांनी धाकटा. आजी-आजोबा लवकर गेल्याने त्याला आईबाबांनीच वाढवलं. तो पडवीत निजायचा, त्याची वळकटी तिथेच खुंटीखाली असायची. लग्नाचा विषय निघाला की म्हणायचा, वैनीच्या हातचं सांबारं सोडून कुठे जाऊ? लोक हसायचे आणि विषय तिथेच राहायचा. मला पोहायला त्याने शिकवलं, खाडीतल्या तिसऱ्या, म्हणजे शिंपल्या, काढायला त्याने शिकवलं. हायस्कूलला जाताना माझं दप्तर भिजू नये म्हणून तो ते डोक्यावर ठेवून एका हाताने वल्हं मारायचा. हे मी मुद्दाम सांगते आहे. पुढे जे झालं ते वाचून त्याच्यावर कोणी रागावू नये, तेवढं काम मी एकटीने पुरेसं केलं आहे.

मॅट्रिक झाल्यावर कोल्हापूरच्या नर्सिंगच्या कोर्सचा फॉर्म मी मैत्रिणीकडून मिळवला होता. तो मी बाबांना होडीतच दाखवला, कारण घरात दाखवायचं धाडस नव्हतं. पलीकडून रिकामी होडी घेऊन आम्ही दोघंच येत होतो. त्यांनी वल्हं आत घेतलं, हात शर्टाला पुसले, आणि पालकाची सही असं लिहिलेल्या जागी एकेक अक्षर कोरल्यासारखी सही केली. होडी प्रवाहाबरोबर आडवी चालली होती. "आताच कोणाक सांगू नको," ते म्हणाले. "आधी पत्र येवंदे. मगे तुझ्या आवशीक मी सांगतंय." पत्र आलं त्या आठवड्यात बाबा तापाने फणफणले होते. चौथ्या दिवशी काकाने त्यांना त्यांच्याच होडीतून पलीकडे नेलं. मालवणच्या दवाखान्यात पोचेपर्यंत ते उरले नव्हते.

दहाव्याचा विधी आमच्याच गडग्यापलीकडे झाला. बायका तिथे जात नाहीत, पण आम्ही गडग्याच्या अलीकडून सगळं बघत होतो. मुलगा नसल्यामुळे काकानेच अग्नी दिला होता, काकाच पिंडाला बसला होता. भात मांडला, त्यांच्या आवडीचा बांगडा सुद्धा ठेवला, आणि सगळे मागे सरले. माडावर कावळे ओळीने बसलेले, पण एक खाली उतरेना. आमच्याकडे अशा वेळी गेलेल्या माणसाचं मन कशात अडकलं आहे ते ओळखायचं असतं, आणि जवळच्या माणसाने मोठ्याने शब्द द्यायचा असतो. काका हात जोडून उभा राहिला. तर बंद पडू देणार नाही, म्हणाला. कावळे बसून राहिले. वैनीला काही कमी पडू देणार नाही, म्हणाला. तरी नाही. तासभर गेला, ऊन डोक्यावर आलं, लहान पोरं भुकेने रडायला लागली. वाडीतला एक म्हातारा माझ्याकडे बोट करून म्हणाला की त्या पोरीचं काय ते सांगा, बापाचा जीव तिच्यात असणार. काकाने एकदा गडग्याकडे बघितलं. माझ्याकडे नाही, आईकडे. मग तो पिंडाकडे वळला.

"दादा, चेडू खंय जावचां नाय. आवशीवांगडा ह्याच घरात रवतलां. माझो शब्द."

पोर कुठे जाणार नाही, आईजवळच राहील, एवढा शब्द झाला आणि कावळा उतरला. भाताला चोच मारली, बांगडा उचलला आणि खाडीवरून निघून गेला. माणसांनी सुस्कारा सोडला, कोणी डोळे पुसले. बायकांनी मला जवळ घेतलं आणि म्हणाल्या, बघ, बापूस तुझ्यासाठी थांबला होता. माझ्या परकराच्या घडीत कोल्हापूरचं पत्र होतं. मला रडू आलं नाही, नुसती धडकी भरली.

सुतक फिटलं तोवर कोर्सची तारीख उलटून गेली होती. मी काकाला ते पत्र दाखवलं. फॉर्मवर बाबांनीच सही केली होती, मी जावं असंच त्यांना वाटत होतं, हे मी त्याला चार वेळा सांगितलं. त्याने पत्र उलटसुलट करून बघितलं. माझ्यावर त्याने अविश्वास दाखवला नाही. त्याने फक्त एक प्रश्न विचारला.

"मगे कावळो कित्याक शिवलो?"

ह्याला मी काय उत्तर देणार? आज कोणी मला असं विचारलं तर मी पाच मिनिटं हसेन आणि तासभर भांडेन. पण त्या वेळी माझाही कावळ्यावर विश्वास होता. सगळ्या वाडीने डोळ्यांनी बघितलं होतं. मला वाटायला लागलं की होडीतले बाबा हे जिवंतपणीचे बाबा होते, आणि मरताना त्यांचं मन बदललं असेल. रात्रंदिवस हेच डोक्यात. बाबांवर रागवावं तर ते गेलेले, काकावर रागवावं तर तो माझ्या ताटात माशाचा पहिला तुकडा वाढतोय. चांगल्या माणसांनी कोंडून ठेवलं की दार कुठल्या बाजूला आहे तेच कळत नाही.

ते वर्ष मी कसं काढलं ते मलाच माहीत. सकाळी विहिरीचं पाणी, मग शेण-सारवण, मग आईबरोबर चूल, दुपारी पडवीत बसून पलीकडच्या हाळ्या ऐकायच्या. मी गावाबाहेर पाऊल टाकायचं म्हटलं तरी काकाच्या होडीतून. कुठे चाललीस, कधी येशील, हे तो प्रेमाने विचारायचा आणि परतीच्या वेळेला पलीकडे येऊन उभा असायचा. होडीतल्या परगावच्या माणसांना तो माझी ओळख करून द्यायचा की ही आमच्या दादाची, हिच्या शब्दावर कावळा शिवला. शब्द त्याचा होता, पण सांगताना तो माझाच व्हायचा. मग त्याने माझ्यासाठी घरजावई शोधायला घेतला. खारेपाटणच्या बाजूचा एक जण बघायला आला. सहा घावणे खाल्ले, होडीचं लाकूड कुठलं ते विचारलं, मला काहीच विचारलं नाही. काकालाच तो आवडला नाही, म्हणून मी वाचले. आई ह्या सगळ्यात गप्प असायची. ती बाबांची पेज अजून नऊ वाजता मोजूनच शिजवायची, आणि मग ती आम्ही दोघी वाटून प्यायचो. तिला मी जवळ हवी आहे, असं मी धरून चालले होते. तिला विचारायचं मला सुचलं नाही.

दुसऱ्या वर्षी पुन्हा फॉर्म निघाले तेव्हा मी एक मागवला. का मागवला, मला सांगता येणार नाही, जायची आशा तर नव्हतीच. पालकाची सही ह्या जागेशी येऊन मी अडले. काकापुढे फॉर्म ठेवला तर त्याचे डोळे भरून आले. मला नाही म्हणताना त्याला केवढा त्रास झाला ते मला दिसत होतं, आणि त्यामुळे मला भांडताही येईना. दादाला दिलेला शब्द मी मोडू कसा, म्हणाला. मी हायस्कूलच्या मोठ्या बाईंकडे गेले. त्यांना सगळं सांगितलं, कावळ्यासकट, आणि विचारलं की काका सही देत नाही तर आणखी कोणाची चालेल. बाई घाटावरच्या होत्या, आमच्या वाडीशी त्यांचा संबंध नव्हता. त्यांनी चष्मा काढून माझ्याकडे बघितलं.

"तुझी आई आहे ना?" त्या म्हणाल्या. "मग पालक तीच. काकाचा प्रश्न येतो कुठे?"

मी वर्षभर कोंडले गेले आहे म्हणून कुढत होते, आणि ही एवढी साधी गोष्ट माझ्याही डोक्यात आली नव्हती. पालक म्हणजे बाबा, बाबा नाहीत तर काका, आणि काका नाही म्हणाला तर संपलं. परत येताना फॉर्म पोटाशी धरून मी होडीत बसले होते. काका नेहमीसारखा वल्हं मारत होता, खाडी भरतीची होती, आणि मला त्याच्या तोंडाकडे बघवत नव्हतं.

आई मागच्या दाराशी विळीवर तिसऱ्या फोडत बसली होती. मी बाजूला बसले आणि एका दमात सगळं सांगितलं. बाबांनी होडीत सही केली तेही, त्यांनी तिला सांगायचं ठरवलं होतं तेही. ती तिसऱ्या फोडत राहिली. टोपलीतली शेवटची झाल्यावर तिने हात धुतले, पदराला पुसले, आणि फॉर्म मागितला. बाबांनी तिला लग्नानंतर सही करायला शिकवली होती. पाटावर कागद ठेवून तिने ती केली. बाबांच्या अक्षरासारखंच अक्षर, उजवीकडे चढत गेलेलं. मी विचारलं, बाबांना दिलेल्या शब्दाचं काय? कावळा शिवला होता.

"तेंका मी सांगतंय," आई म्हणाली. "कावळ्यान खंय वीस वर्सां तेंच्यावांगडा संसार केल्यान? मी केलंय."

आणि ती तिसऱ्यांचं पातेलं उचलून आत गेली. मी तिथेच बसून रडले, बाबा गेल्यापासून पहिल्यांदा पोटभर. त्यांना काय हवं असेल ते बारा गावच्या माणसांनी मला सांगितलं होतं. ज्या माणसाने साधा शर्टसुद्धा जिला विचारल्याशिवाय आणला नाही, तिला मात्र कोणीच विचारलं नव्हतं. काकाला तिनेच सांगितलं, तो पेज प्यायला आला तेव्हा. मी माजघरातून कान लावून होते. काकाने ऐकून घेतलं. पेज संपवली, "बरां, वैनी" म्हणाला, आणि पलीकडून हाळी आली म्हणून उठून गेला. मला वाटलं, एवढंच? ह्यासाठी मी वर्ष घालवलं?

निघायच्या दिवशी सकाळी ट्रंक पडवीत आणून ठेवताना माझ्या लक्षात आलं की खुंटीखाली काकाची वळकटी नाही. त्याची घोंगडी नाही, आरसा नाही, दाढीचा डबा नाही. आईला विचारलं. ती आंबोळ्या फडक्यात बांधत होती.

"मांगरात गेले ते," ती म्हणाली. "आजपासना थंयच रवतले. तू गेल्यार ह्या घरात कोण? मी आणि ते. लोकांक तोंडां आसत."

मांगर म्हणजे होडीचं सामान ठेवायची माडाच्या झापांची खोप. विधवा भावजय आणि बिनलग्नाचा दीर, आणि मध्ये मी. दहाव्याला काकाने गडग्याकडे वळून आईकडे का बघितलं होतं, ते मला त्या क्षणी कळलं. तेव्हा तिथे उभ्या असलेल्या प्रत्येक मोठ्या माणसाला ते कळलं असणार. मीच तेवढी माझ्या पत्राचा विचार करत होते.

होडीत आम्ही दोघंच होतो. ट्रंक मध्ये ठेवली होती. निम्म्या खाडीत आल्यावर मला राहवेना. "काका, तू माका आधी कित्याक सांगूक नाय?"

"तां काय चेडवाक सांगूचां आसता?" तो म्हणाला. वल्ह्याचे दोनचार हात मारून झाल्यावर पुन्हा बोलला. "दादाक तुझी काळजी नव्हती गो. तू जातलंस, तां तेका ठावक आसतला. तेका माझी पडलेली. ह्येका आता ठेवूचो खंय? तू घरात रवलंस तर माका घरात रवाक मेळतला, म्हणान शिवलो तो कावळो." त्याच्या आवाजात राग नव्हता. हे त्याने वर्षभर मनात घोळवून पक्कं केलेलं दिसत होतं.

काका त्या मांगरात अठ्ठेचाळीस वर्षं राहिला. मी नोकरीला लागल्यावर झापांच्या जागी चिऱ्याच्या भिंती आणि कौलं घालून दिली, त्यापलीकडे त्याने काही करू दिलं नाही. तीन वेळा जेवायला यायचा, खळ्यात बसून जेवायचा, पावसात पडवीच्या कडेला. आई आजारी पडली तेव्हा दवाखान्यात तिला त्यानेच नेलं, औषधांच्या वेळा त्याला तोंडपाठ होत्या, पण उंबऱ्याच्या आत तो शेजारच्या बाईला बरोबर घेऊन यायचा. आई गेल्यावर घर रिकामं झालं. मी म्हटलं, आता तरी ये. सवय मोडली गो, म्हणाला. असा तो सुटा माणूस.

त्या दिवशी पलीकडे पोचल्यावर त्याने ट्रंक डोक्यावर घेतली आणि चढाव चढून एस्टीच्या थांब्यापर्यंत आणून दिली. पोचल्यावर पत्र धाड, म्हणाला, पण वैनीच्या नावाने धाड, माझ्या नको. गाडी लांबून दिसायला लागली होती. खाली खाडीत होडी बांधलेली होती, आणि मी नुसतं परत जाऊया म्हटलं असतं तर त्याने एक अक्षर न बोलता ट्रंक पुन्हा डोक्यावर घेतली असती. त्याची वळकटी संध्याकाळपर्यंत पडवीत आली असती. हे मला त्या वेळी स्वच्छ कळत होतं. तो माझ्याकडे न बघता रस्त्याकडे बघत उभा होता. गाडी थांबली आणि मी चढले.